चौदा नंबरचा टेप

बर्नाबी
१२ मार्च २०२५

चि. कोमल,

जय भीम. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले. आमच्या काँडो फ्लॅटच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. मी इकडे खोकले की तिकडून रश्मी विचारते, "आई, पाणी देऊ का?" सून चांगली आहे, पण सगळंच प्रफुल्लच्या कानावर जायला नको.

काल कम्युनिटी सेंटरवाल्यांनी आम्हा सीनियर लोकांना बसने चित्रांचं प्रदर्शन पाहायला नेलं. चित्र एकही नव्हतं. पहिल्या खोलीत रस्त्यावर सापडलेले एकेकटे हातमोजे भिंतीभर खिळ्यांना लावलेले. माझ्यासोबत सुरिंदरजी होत्या. "बहनजी, मेरा भी एक गुम हुआ था," म्हणाल्या आणि खरंच शोधायला लागल्या. पुढच्या खोलीत एक खुंटी दिसली म्हणून मी कोट अडकवला, तर गार्ड धावत आला. ती खुंटीच बघायची होती म्हणे! काय बघायचं हे विचारायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या खोलीत चाळीस स्टुलं, प्रत्येकावर जुना टेपरेकॉर्डर. सगळे हळू आवाजात चालू. वाकून कान लावायचा, म्हणजे ऐकू येतं. बाहेर पाटी होती, कलाकार बाईने कितीतरी वर्षं जुन्या सामानाच्या दुकानांतून टाकून दिलेल्या कॅसेटी विकत घेतल्या. कोणाचे आवाज आहेत ते तिलाही माहीत नाही. बेवारस आवाज, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

चौदा नंबरला मी वाकले आणि तुझे बाबा खोकले.

कोमल, मी हसण्यावारी सांगत नाही. एकोणतीस वर्षं तो खोकला मी ऐकला आहे. मग म्हणाले, "बरं, आता बंद करतो." तेवढ्यात एक बाई बोलली, "कोणाशी बोलता हो?" आणि हे म्हणाले, "कोणाशी नाही. बॅटरी पाहून राहिलो."

संपलं. मग नुसती खरखर. तितक्यात बसची वेळ झाली. मी स्टूल सोडेना. सुरिंदरजींना वाटलं शुगर उतरली, त्यांनी तोंडात गोळी कोंबली.

प्रफुल्लला नागपूरहून इकडे कॅनडात आपण कॅसेटी पाठवायचो ते मला आठवतं. पण त्या आपण सगळे मिळून भरायचो, तू गाणं म्हणायचीस. ही तसली नाही. यात ते एकटे आहेत, दबक्या आवाजात बोलत आहेत. आणि ती बाई कोण? आवाज तरुण, जरा चिडका. घरातली असल्यासारखी विचारत होती. त्यांच्या आर.एम.एस.च्या, रेल्वे टपालाच्या ऑफिसात डाक लावायला दोन बायका होत्या, त्यांतली एक हसरी होती. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

प्रफुल्लला विचारलं नाही. बाप मरायला टेकला तेव्हा आला नाही, मातीलाही आला नाही, त्याच्यापुढे मी बाबांचं नाव कधी काढत नाही. अकरा वर्षं त्याच्या घरात राहते, त्याला जेवलास का विचारते, तेवढंच.

तूच सांग, मी काय करू?

तुझी आई

•

वॉटर्लू
२१ मार्च २०२५

प्रिय आई,

पत्र वाचून मी घाबरले. तू रागावू नकोस, पण नीट विचार कर. जगातल्या चाळीस अनोळखी कॅसेटी आणि त्यांत आपले बाबा? खोकला सगळ्यांचा सारखाच असतो गं. इथे मराठी माणसं थोडी नाहीत, कोणाची तरी कॅसेट असेल. कदाचित हिंदी असेल आणि तुला मराठी वाटली असेल, इतके आवाज एकत्र चालू असताना.

मलाही होतं तसं. परवा एल.आर.टी. ट्रेनमध्ये पाठमोरे एक गृहस्थ दिसले, अगदी बाबांसारखे खांदे. दोन स्टॉप मी बघत बसले. वळले तर फिलिपिनो निघाले.

आणि ती बाई वगैरे मनातून काढून टाक. बाबा तसे नव्हते. शेवटचे चार महिने मी त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर झोपत होते, मला माहीत आहे.

तू झोपतेस ना नीट? बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घेतेस? मागच्या महिन्यात फोनवर तू दोनदा एकच गोष्ट सांगितली होतीस. मी तेव्हा बोलले नाही. परत त्या प्रदर्शनाला जाऊ नकोस, प्लीज.

कोमल

•

बर्नाबी
३० मार्च २०२५

चि. कोमल,

तुझं पत्र यायच्या आधीच मी जाऊन आले होते. आल्यावर परत गेले. रश्मीला सांगितलं लायब्ररीत जाते, आणि स्कायट्रेनने एकटी गेले. सोबत वही नेली.

तो टेप संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. मी शेजारी घडीची खुर्ची घेऊन बसले. बसायच्या आधी गार्डला विचारून घेतलं, ही खुर्चीच आहे ना? हसला तो.

पण शेजारच्या तेरा नंबरला कोणी बाई इंग्रजीत केकची कृती सांगते आणि पंधराला कोणाचं तरी बाळ रडतं. त्यामुळे सलग काही लागत नाही. वहीत जे उतरलं ते असं आहे: "डॉक्टर साफ बोलले". मग बाळ. "येऊ नको". मग केकमध्ये अंडी. "कागद अडकले आहेत". मग पुन्हा "येऊ नको". "रमाला". शेवटी ती बाई येते आणि बॅटरी.

आता रमा तर मीच ना? की रमा नावाची आणखी कोणी असू शकते? आणि कोणाला येऊ नको म्हणतात? त्या बाईला? पण ती तर आलेलीच आहे. मी तीनदा ऐकलं आणि तीनदा वेगळा अर्थ लावला. मनात इतका गुंता झाला की घरी येताना उलट्या दिशेच्या गाडीत बसले. चार स्टेशनं गेल्यावर कळलं.

प्रत्येक टेपखाली छोटी चिठ्ठी आहे. चौदाखाली लिहिलंय, "पुरुषाचा आवाज, बहुधा प्रार्थना किंवा अंगाईगीत." एक गोरी बाई डोळे मिटून ऐकत उभी होती. मला म्हणाली, किती शांत वाटतं ना. मी हो म्हटलं.

तुला वाटतं मी भ्रमिष्ट झाले. तुझ्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण गोळ्या विचारल्यास त्यावरून कळलं. फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली कारण पहिल्यांदा तू ऐकत नव्हतीस, टाइप करत होतीस.

तुझी आई

•

ईमेल
७ एप्रिल २०२५

प्रफुल्ल,

तुला लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. फक्त आईसाठी लिहिते आहे.

आईला एका आर्ट गॅलरीत बाबांचा आवाज ऐकू येतो. ती एकटी दोनदा जाऊन आली, तुम्हाला सांगून गेली लायब्ररी. परत येताना उलट्या ट्रेनमध्ये बसली. बाबांसोबत कुठलीतरी बाई आहे असंही तिला वाटतं. हे नॉर्मल नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घे, मेमरी टेस्ट करून घे. मी लिहिलंय हे तिला सांगू नकोस.

एवढं तरी कर. बाबांच्या वेळी सगळं माझ्यावर होतं, मी वीस वर्षांची होते. या वेळी तू तिथे आहेस.

कोमल

•

ईमेल
९ एप्रिल २०२५

कोमल,

तुझं नाव इनबॉक्समध्ये पाहून मी ऑफिसमधून उठून पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीत बसून वाचलं.

उद्याचीच अपॉइंटमेंट मिळाली आहे, नेतो. पण एक सांगायला हवं. आईला भास होत नसावा.

तीन वर्षांपूर्वी सरी शहरातलं घर विकून आम्ही काँडोत आलो, तेव्हा बेसमेंटमधली खोकी रश्मीने जुन्या सामानाच्या दुकानाला डोनेट केली. त्यांत एका बुटांच्या खोक्यात नागपूरच्या कॅसेटी होत्या. तिला माहीत नव्हतं. मला चार दिवसांनी कळलं. दुकानात जाऊन विचारलं, तर कोणीतरी सगळ्या कॅसेटी एकदम घेऊन गेलं होतं. रश्मी रडली. मी तिला म्हटलं, जाऊ दे, गाणी होती नुसती.

आईला हे सांगायची हिंमत झाली नाही. आधीच आमच्यात बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "हो".

बहुतेक कॅसेटींवर तुम्ही सगळे आहात. बाबा एकटे असलेली एकच होती. तिच्यात काय होतं ते आता नीट आठवत नाही.

तू कशी आहेस?

प्रफुल्ल

•

बर्नाबी
२० एप्रिल २०२५

चि. कोमल,

आधी भांडण. प्रफुल्लने मला डॉक्टरकडे नेलं. तिथे मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी एकतीस वर्षं म्युन्सिपाल्टीच्या शाळेत गणित शिकवलं, तीसपर्यंत आले तेव्हा डॉक्टरच म्हणाली पुरे. बाहेर आल्यावर मी प्रफुल्लला म्हटलं, ही कोमलची अक्कल ना? तो गाडीची किल्ली शोधायला लागला. बावीस वर्षांनी भावाला पत्र लिहिलंस ते मला वेडी ठरवायला!

आता बाकीचं. गाडीत त्यानेच कॅसेटींचं सांगितलं, खोकी कशी गेली ते. म्हटलं, मग चल, तूही ऐक. तर म्हणाला, "नको आई. तू जा." चेहरा असा झाला की मी एकटीच जायचं ठरवलं.

जयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर बुधवारी गेले. त्या दिवशी कलाकार बाई गॅलरीत आली होती. ग्वेन नाव तिचं, साठीची असेल, पांढरे केस, पॅन्टला रंग लागलेला. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, नंबर चौदा माझा नवरा आहे. ती एकदम खालीच बसली, जमिनीवर. मग उठून तिने बाकीचे टेप बंद करायला लावले. खोलीत एवढी शांतता झाली की मलाच भीती वाटली. माझ्या कानांवर हेडफोन लावला.

तुझ्या बाबांनी काय म्हटलं ते सगळं लिहून देते. मी चारदा ऐकून उतरवलं आहे.

"प्रफुल्ल, बाबा बोलून राहिलो. तुझी आई भाजी आणायले गेली म्हणून बोलतो. फोनवर ती बाजूलाच उभी असते, चिठ्ठी लिहिली तर आधी तीच वाचते. हे पाहा, अल्सर वगैरे काही नाही. डॉक्टर साफ बोलले, उन्हाळा काही मी पाहत नाही. तू म्हणशील मी येतो. येऊ नको. तुझी नोकरी गेली, पर्मनंटचे कागद अडकले आहेत, आता देश सोडला तर पुन्हा आत घेत नाहीत, तूच सांगितलं होतं. दोन वर्षं हॉटेलात भांडे घासले ते काय वापस यायसाठी? मी गेलो तरी येऊ नको. मेलेल्या माणसाले काय दिसते? रमाला यातलं काही सांगू नको. तिला कळलं तर ती म्हणेल पोराले बोलवा, आणि तिनं बोलवलं तर तू येशील. रागावेल तुझ्यावर. रागावू दे. वर्ष दोन वर्षांत विसरून जाईल, तिच्या मनात काही राहत नाही. बरं, आता बंद करतो."

मग फाटकाची कडी वाजते. मग ती बाई, "कोणाशी बोलता हो?" मग बॅटरी. मग ती बाई लांबून, "दोडके जून दिले बघा मेल्यानं."

मी हेडफोन काढला आणि ग्वेनला म्हटलं, यात एक बाई आहे, ती कोण ते मला कळत नाही. ती म्हणाली, "पण ती तूच आहेस ना?" तिला आपल्या भाषेचं अक्षर येत नाही. दोन वर्षं रोज तो टेप ऐकत होती आणि मी तोंड उघडल्याबरोबर तिने ओळखलं. मला माझा आवाज ओळखता आला नाही, कोमल. महिनाभर मी माझ्यावरच जळत होते.

तो काय म्हणतो, असं तिने विचारलं. घरगुती बोलणं आहे, एवढंच सांगितलं. तिनेही पुढे विचारलं नाही. प्रदर्शन चार मेला संपतं, त्यानंतर कॅसेट माझी, असं म्हणाली.

वर्ष दोन वर्षांत विसरेल म्हणाले! एवढ्या संसारात त्यांना मी एवढीच कळले का? आणि हा मुलगा, यानेही तोंड शिवून घेतलं. मला आता त्याचा राग यावा, की त्यांचा, की माझा? रोज सकाळी वेगळाच येतो. काल त्याला डबा देताना हात थांबला. काहीतरी बोलायचं होतं, आठवलं नाही काय ते. "जेवून घे," म्हटलं.

तुझी आई

•

ईमेल
२९ एप्रिल २०२५

प्रफुल्ल,

आईचं पत्र आलं. मी सोमवारी सिक लीव्ह टाकून दिवसभर घरात बसले.

पहिल्यांदा वाटलं तुझी माफी मागावी. अर्धा ईमेल लिहिलाही. मग बाबांचं बोलणं परत वाचलं. रमाला सांगू नको, असं ते म्हणाले. कोमलला सांगू नको, असं कुठेच नाही. मला सांगता आलं असतं तुला. मी त्यांना अल्सरच्या गोळ्या देत होते रे. दूध प्या, बरं वाटेल म्हणत होते. मला माहीत असतं तर मी त्यांच्याशी वेगळं बोलले असते. तिखट मागायचे ते दिलं असतं.

खांदा मी दिला. बाया कुजबुजत होत्या, मुलगा कुठे आहे. मी सगळ्यांना सांगत सुटले, त्याला वेळ नाही.

त्यानंतर मीही आलेच ना कॅनडात, वॉटर्लूत तेरा वर्षं झाली. किती संधी होत्या. तू का बोलला नाहीस?

कोमल

•

बर्नाबी
११ मे २०२५

चि. कोमल,

तुझा ईमेल प्रफुल्लने मला वाचून दाखवला. उत्तर लिहितो म्हणाला, तीन दिवस कॉम्प्युटरपुढे बसला आणि नुसता उठला. म्हणून मीच लिहिते, त्याला विचारून लिहिते.

चार तारखेला आम्ही दोघं कॅसेट आणायला गेलो. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. हातमोज्यांच्या खोलीत तो अडकून राहिला, एकेक मोजा बघत. मला कळलं, पुढे यायला भितो आहे. ओढून नेलं. चौदा नंबरला वाकला. अर्ध्या मिनिटात सरळ झाला आणि बाहेर निघून गेला. ग्वेनने कॅसेट कागदात गुंडाळून दिली, माझे हात धरले. मी तिला थँक्यू म्हटलं. तिच्यामुळे बरं झालं की वाईट, ते अजून ठरवता येत नाही, पण थँक्यू म्हटलं.

तो गाडीत बसला होता. गाडी सुरू केली नाही. म्हणाला, "आई, कोमल विचारते तू का बोलला नाहीस."

म्हटलं, "मीही विचारते."

सीटबेल्ट लावला, परत काढला. मग म्हणाला, "बाबा येऊ नको म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मला यायचंच नव्हतं, आई. मला भीती वाटत होती, त्यांना तसं बघायची. कागदांचं खरं होतं, पण कागद नसते अडकले तरी मी काहीतरी कारण काढलं असतं. कॅसेट तुम्हाला ऐकवली असती तर तुम्ही मला माफ केलं असतं. आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे."

एक्कावन्न वर्षांचा माणूस, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. बाजूच्या गाडीतली बाई बघत होती. मी तिला हात केला, सगळं ठीक आहे म्हणून.

मग मी त्याला जे सांगितलं ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. ते गेले त्या दिवशी सकाळी तू पाणी आणायला बाहेर होतीस. मी जवळ होते. श्वास थांबला आणि मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? की आता आज चादर धुवावी लागणार नाही. रडू नंतर आलं. आधी ते वाटलं. मग मी स्वतःला इतकी घाबरले की सगळा राग उचलून लांब असलेल्या मुलावर ठेवून दिला. तो समोर नव्हता, सोयीचं होतं.

"मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं रे," म्हटलं.

त्याने डोकं वर केलं. बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "भूक लागली आहे." रस्त्यात थांबून आम्ही सामोसे घेतले, गाडीतच खाल्ले. तो मला रश्मीची गोष्ट सांगत होता, खोकी गेल्यावर ती कशी रडली, आणि तिला अजून वाटतं की गाणी होती. आता तिलाही सांगावं लागेल.

सगळं नीट झालं असं मी म्हणत नाही. राग आहे अजून, फक्त कोणावर ठेवायचा ते कळत नाही. तुझ्याशी त्याने चूक केली, ते त्याला मान्य आहे. मीही केली. वीस वर्षांच्या पोरीला खाटेजवळ झोपवलं आणि स्वतः आतल्या खोलीत गेले, कारण मला तो श्वास ऐकवत नव्हता.

तुला एक विचारते. तुलाही तसं वाटलं होतं का, त्या दिवशी? नसेल वाटलं तर लिहू नकोस, मी समजेन. वाटलं असेल तर लिही.

तुझी आई

•

वॉटर्लू
१९ मे २०२५

आई,

हो. वाटलं होतं.

आम्ही सगळे घाटावरून परत आलो, तेव्हा मी शेजारच्या काकूंकडे गेले आणि त्यांच्या पलंगावर नऊ तास झोपले. मध्येच तू मला शोधत आलीस तेव्हा जाग आली होती, तरी मी आवाज दिला नाही. उठल्यावर आरशात पाहिलं तर चेहरा ताजा दिसत होता. त्या चेहऱ्याची मला इतकी लाज वाटली की पुढे कोणीही बाबांचं विचारलं की मी आधी दादाचं नाव सांगायचे.

एवढंच लिहू शकते. तीनदा फाडून हा चौथा कागद आहे.

शनिवारी दुपारी दादाला फोन करणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. त्याला सांग, उचल म्हणावं.

कोमल